कमरेतून निघालेले धान

कवडूच्या अंगणात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. लोक कुंपणाला टेकले होते, बैलबंडीवर उभे होते, पोरे धानाच्या पुंजण्यावर चढली होती. मधोमध पोत्यावर मी पालथी पडले होते आणि माझी कंबर साऱ्या गावासमोर उघडी होती.

माझ्या आधी गावातल्या ताराचंदच्या खांद्यातून महाराजांनी गंजलेला खिळा काढला होता. एका म्हातारीच्या गुडघ्यातून केसांचा गुंता निघाला होता. कापणे नाही, टोचणे नाही. बकऱ्याच्या पोकळ शिंगाचे रुंद तोंड दुखऱ्या जागेवर दाबायचे, टोकाच्या भोकाला ओठ लावायचे, गाल आत जाईपर्यंत ओढायचे आणि पळसाच्या पानावर थुंकायचे. थुंकी लालभडक, आणि त्यात रोगाचे मूळ.

“डॉक्टरच्या मशीनले हाड दिसते,” महाराज तोंडातले पान एका गालातून दुसऱ्या गालात ढकलत गर्जले, “महाराजले हाडामागं लपलेला वैरी दिसते! सुई नाई, चिरा नाई, बाटली नाई! बोलो, सच्चे दरबार की...”

“जय!”

सगळ्यात मोठा आवाज माझ्या आनंदामावशीचा होता.

ही १९८२ सालची गोष्ट. धानाची कापणी आटोपली होती. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते आणि आठ वर्षांपासून कंबर दुखत होती. रोवणीच्या दिवसांत डोक्यावर रोपांचा भारा घेऊन शेताच्या धुऱ्यावरून घसरले, तेव्हापासून. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला. म्हणाले, “मणके झिजले आहेत, बाई. पूर्ण बरे होणार नाही. पण जपून राहाल तर कामाला लागाल. ओझे उचलू नका, सांगितलेला व्यायाम सोडू नका.”

मी ते मान्य केले. नातेवाइकांनी केले नाही. ‘बरे होणार नाही’ हे वाक्य त्यांना शिवीसारखे लागले. मावशीने माझे वांगे खाणे बंद केले. नणंदेने लोखंडी कडे घातले. मामेभाऊ तर गोंदियाकडून एक पायाळू माणूस घेऊन आला. पायांकडून जन्मलेल्याची लाथ बसली की कंबर सुटते म्हणे. त्याने अशी लाथ मारली की मी दोन दिवस खाटेवरून उठले नाही.

“पाह्य,” मामेभाऊ खूश होऊन म्हणाला, “लागू पडून राहिली!”

कोणाचाही राग करता येत नव्हता. सगळे मायेने करत होते. काही न सांगणारी एकच होती, माझी थोरली जाऊ शकुनबाई. ती विहिरीवरून माझ्या वाटणीची पाण्याची गुंडी आणायची आणि धानाच्या बांधीत माझ्या वाटणीची रोवणी करायची. रात्री तेल चोळायची, तेही मी मागितले तर.

त्या दिवशी माझा धाकटा भाऊ कवडू माहेराहून बंडी घेऊन मला न्यायला आला. “बाई, एवढ्या वेळी माह्यं आयक. महाराज सीमेपलीकडून आले. एकच दिवस हायेत.” बंडीच्या हादऱ्यांनी जीव जाऊ नये म्हणून शकुनबाई सोबत बसली. दोन कोस तिने मला मांडीवर धरून आणले होते.

आता ती बायकांच्या रांगेत उभी होती.

महाराजांनी शिंग माझ्या कमरेवर दाबले आणि ओढले. खोटे कशाला सांगू, क्षणभर बरे वाटले. मग थू! पळसाच्या पानावर लाल थुंकी पडली आणि तिच्यात पाच दाणे होते. टरफलासकट धान.

पुंजण्यावरची पोरेही पान पाहायला खाली उतरली.

“अठ्ठावीस वर्षं!” महाराज डोळे मिटून बोलू लागले. “अठ्ठावीस वर्षं हे धान या बाईच्या कमरेत रुतून बसलं हाये. लग्नाची हळद लागत होती. तवा कोणीतरी मंतरलेलं धान अंगावर टाकलं. कोणी? एका चुलीची बाई. थोरली. जिची कूस उजवली नाई, अन् जिले हिचं पोर पाहावलं नाई! दोन वर्षांचं पोर गेलं न हिचं? सांगा, गेलं का नाई?”

माझा मुलगा दोन वर्षांचा असताना तापाने गेला होता. हे या परक्या माणसाला कसे ठाऊक? मान वळवून मी शकुनबाईकडे पाहिले.

त्या वेळी माझ्या नजरेत काय होते ते मला माहीत आहे. शकुनबाईलाही ते दिसले. तिचा चेहरा राखेसारखा झाला.

“ही पाहा उभी!” मावशी ओरडली. “म्हणूनच इतकी सेवा करते, रांड! केलं ते फेडून राहिली!”

“झिंज्या धरा तिच्या!” मागून कोणीतरी म्हणाले. दोन बायका पुढे सरकल्या. अशा वेळी बाईचे काय होते ते आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. डोके भादरतात, गावाबाहेर काढतात. कधी त्याहून वाईट.

“थांबा!” मी कोपरावर उठले. “ते पान इकडं आणा. माह्या कमरेतलं हाये न? मले पाहू द्या.”

मी दाणे लुगड्याला पुसले आणि तळहातावर घेतले. अक्षरे मी चाळिशीत शिकले, तीही प्रौढांच्या वर्गात. धान ओळखायला मात्र अक्षर लागत नाही. जन्मभर तेच हातात घेतले आहे.

“ताराचंदभाऊ, हे कोणतं धान?”

ताराचंदने दाणा उलटापालटा केला, दाताखाली फोडला. “जया. दुसरं काय?”

“आपल्या भागात जया कवापासून हाये?”

“झाले असतील दहाएक वर्षं.”

“अन् माह्या लग्नात कोणतं होतं?”

“तवा कुठची जया? चिनोर होता तुह्या बापाकडं. बारीक, वासाचा. मीच तं पंगतीत वाढला होता!” बोलता बोलता ताराचंद थांबला. त्याने दाण्याकडे पाहिले, मग महाराजांकडे. “काय गा महाराज? जे धान जन्मलंच नोयतं, ते हिच्या कमरेत कसं गेलं?”

कोणीतरी हसले. महाराजांनी डोळे उघडले. “दैवी धान हाये ते! रूप बदलते!”

“बदलू द्या,” मी म्हणाले. “आता तोंडातलं पान थुका, चूळ भरा अन् अजून एक दाणा काढा.”

“रोग संपला.”

“पण कंबर दुखूनच राहिली न!”

आता बरेच लोक हसले. ताराचंदने पाण्याचा लोटा आणून समोर ठेवला. त्याचाही खांदा दुखतच होता. महाराज “दरबारचा अपमान!” म्हणत उठले, तसा त्याने त्यांचा पानडबा उचलून पोत्यावर पालथा केला. कात, चुना, सुपारी आणि लवंगेने टोचलेले चार तयार विडे. ताराचंदने ते एकेक उलगडले. पहिल्यात केसांचा गुंता. दुसऱ्यात गोगलगायीचा शंख. तिसऱ्यात बोटाच्या पेराएवढा खिळा. चौथ्यात भिजवलेले धान.

विडा तोंडात टाकायचा, आतली वस्तू गालात दाबायची, शिंग ओढल्याचे सोंग करायचे आणि थुंकायचे. रक्त म्हणून आम्ही जे पाहिले ते पानाचे पाणी होते. सगळी करामत एवढीच.

महाराज कुंपणाच्या फटीतून पळाले. पोरे त्यांच्या मागे ओरडत गेली. मी मात्र तिथेच बसून होते. माझ्या पोराची गोष्ट विड्यात नव्हती.

“याले माह्या घरचं कोणी सांगितलं?” मी विचारले.

कवडू मातीकडे पाहत होता.

“कवडू?”

“मीच,” तो म्हणाला. “परवा गेलो होतो त्याच्याकडं. त्यानं विचारलं, मी सांगितलं. धानबी घरचंच नेलं. पण तो शकुनबाईवर आळ घेईल हे मले माहीत नोयतं, बाई. देवाशपथ.”

“अन् दाणे तोंडातून निघतात, हे माहीत होतं?”

“होतं. तो म्हणाला, असं दुखणं मनाचंच असते. काही निघालेलं डोळ्यानं पाह्यलं का सुटते. मले वाटलं, निदान तुह्या मनाले...”

“म्हणजे आठ वर्षं मी सोंग करून राहिली?”

“तसं नाई, बाई.”

पण तसेच होते. डॉक्टरांचा फोटो त्यानेच उजेडात धरून पाहिला होता. खाटेला धरून उठताना मला त्याने पाहिले होते. तरी त्याला वाटले की माझ्या कमरेत काही नाही, पाच दाणे दाखवले की पुरे. महाराज परका होता, त्याने फसवले तर फसवले. कवडूला मी कडेवर वागवले होते.

परतताना शकुनबाईने मला येताना धरले तसेच धरले. तलावाची पाळ लागली तेव्हा म्हणाली, “लोकायचं सोड, धुरपता. पण तू बी पाह्यलं माह्याकडं.”

“पाह्यलं,” मी म्हणाले.

कवडूशी मी पुढे बोलले, येणेजाणेही राहिले. पण पुन्हा कधी त्याच्यासमोर ‘आज फार दुखते’ असे म्हटले नाही.

वाचणाऱ्यांनो, कोणी तुमच्या अंगातून खिळा, केस, दाणा काढून दाखवला, तर आधी त्याचे तोंड धुवून घ्या. तो तुमच्या घरातले गुपित सांगू लागला, तर देवाकडे नका पाहू. आपल्या माणसांकडे पाहा आणि कोणी सांगितले ते विचारा. एखाद्या बाईवर करणीचा आळ आला, तर तिच्याकडे वळणारी आपली मान आधी आवरा. मला ती आवरता आली नाही. आणि घरात कोणाला जुने दुखणे असेल, तर त्याच्यासाठी चमत्कार शोधत गावोगाव फिरू नका. तो सांगतो तेवढे खरे माना. आम्हाला खोट्याने बरे करू नका.