भुजंगरावांच्या छातीवरची डबी

चुडाव्याच्या भुजंगरावांचं काळीज मधूनच उधळायचं. चांगले बसलेले असायचे आणि एकदम छातीत पाखरू अडकल्यागत फडफड. परभणीला डॉक्टर राजेश्रीबाईंकडे गेलं की मात्र तेच काळीज पाहुण्यांपुढच्या पोरासारखं शहाणं व्हायचं. ईसीजीची पट्टी निर्मळ निघाली. टूडी इको केला, झडपा धड निघाल्या. शेवटी बाई म्हणाल्या, "आजोबा, चोर आपण बोलावल्यावर येत नसतो. त्याच्यावर राखण बसवावी लागते."

ही राखण म्हणजे काड्यापेटीहून थोडी मोठी अशी एक डबी. छातीवरचे पांढरे केस भादरून तिथं चिकटपट्ट्या लावल्या, पट्ट्यांना तारा जोडल्या आणि डबी गळ्यात अडकवली. "हिला हॉल्टर म्हणतात. उद्या सकाळपर्यंत काळजाचा प्रत्येक ठोका टिपून ठेवते. आंघोळ तेवढी नको. बाकी रोज जे करता तेच करायचं, नाहीतर तपासणी वाया जाईल."

भुजंगराव रोज काय करायचे? दिवस कलला की चुडाव्याच्या फलाटावर लिंबाखालच्या बाकावर बसून थापा मारायचे. चांगल्या, रसाळ, खतपाणी घालून वाढवलेल्या थापा. माणसं गाडी आली तरी उठायची नाहीत.

परतीच्या पॅसेंजरमधून उतरले तेव्हा बाकावर दत्तराव बसलेलेच होते. दत्तराव नुकतेच चारधाम करून आले होते. मोबाइलभर फोटो होते आणि बघायला कुणी मिळत नव्हतं, कारण बाक भुजंगरावांचा होता.

"हे काय गळ्यात बांधून आलास, भुजंगा?"

भुजंगरावांच्या आधी, परभणीहून सोबतच उतरलेली त्यांची बायको कडूबाईच बोलली. "ह्यांच्या तोंडावर भरवसा न्हाई म्हणून डॉक्टरीनबाईनं आतून तार जोडलीय. काळीज काय बोलतंय ते समदं टिपून घ्यायलीय."

दत्तरावांचे डोळे चमकले. "म्हंजे हा तर बेलभंडाराच झाला की."

गावात कुणाच्या शब्दाचा संशय आला की त्याला हातात बेल आणि भंडारा घेऊन बोलायला लावतात. खोट्याचा हात कापतो म्हणतात. भुजंगरावांनी बेलभंडारा कधी उचलला नव्हता. एवढ्या बारक्या कामासाठी देवाला तकलीफ कशाला, म्हणायचे. आता तो थेट छातीलाच चिकटला होता.

"आज तुरीची गोष्ट सांग," दत्तराव म्हणाले. "उद्या रिपोर्टाला मी येतो संगं. काळीज थरथरलेलं निघालं तर हा बाक माझा. मग आपण केदारनाथपासून सुरू करू."

केदारनाथ ऐकून बाकाभोवती जमलेल्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. सिद्धोधन गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, डबी काय करते नि काय करत नाही ते त्यांना ठाऊक होतं. सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण गंमत दिसली तसं मिटलं.

भुजंगराव पेचात पडले. थाप मारली तर डबी पकडणार. गप्प बसलो तर रोजचं केलं नाही म्हणून तपासणी वाया, आणि बाक तसाही जाणार. त्यांनी डबीवरच्या हिरव्या मिणमिणत्या दिव्याकडं पाहिलं, सदरा नीट केला आणि सुरुवात केली.

"त्या साली माझी तूर अशी माजली, अशी माजली की खुडायला शिडी लावावी लागायची. शेंड्याच्या शेंगा खुडायला मी माझा लाल पटका फांदीला बांधून वर चढलो, तर पूर्णेकडून येणाऱ्या गाडीच्या डायवरला वाटलं सिग्नल पडला. गाडी उभी."

"मग?" गुरुजींनी मुद्दाम विचारलं.

"मग काय. डायवर उतरला, गार्ड उतरला. शेंगा उकडल्या मिठात. बाया-माणसं, टीसी, समदे बांधावर बसून खायलेत. नांदेडात बोंब, गाडी गेली कुठं. गाडी निघाली तवा टीसी म्हणला, भुजंगराव, तूर कापा, न्हाईतर टेसन तरी बांधा." आणि मागच्या वेळी या गोष्टीत नसलेली एक नवी नवरी आज पॅसेंजरमधून उतरून शेंगा खाऊन गेली. बोलता बोलता भुजंगराव डबी विसरूनच गेले.

घरी मात्र आठवली. शनिवार होता. शनिवारी त्यांच्या घरी अंबाडीची भाजी. लग्नानंतरच्या पहिल्याच शनिवारी नव्या नवरीला बरं वाटावं म्हणून भुजंगराव म्हणाले होते, "फस्क्लास." तेव्हापासून एक शनिवार चुकला नव्हता.

कडूबाईनं भाजी वाढली, डबीकडं पाहिलं आणि पदर सावरत विचारलं, "बेलभंडारा लावलेलाच हाय, तर खरं सांगा. कशी झाली?"

भुजंगरावांनी घास चावला. डबीचा दिवा मिणमिणत होता.

"कडू, मला अंबाडी आवडत न्हाई. कधीच आवडली न्हाई."

कडूबाईनं पळी खाली ठेवली. भुजंगरावांच्या छातीत पाखरू नव्हे, अख्खा थवा उठला.

ती म्हणाली, "मग इतके वर्सं मी कुणासाठी रांधायले? मला तरी कुठं आवडती?"

दुसऱ्या दिवशी राजेश्रीबाईंनी डबीतलं सगळं संगणकावर उतरवलं. मागं दत्तराव मान लांब करून उभे, गुरुजी भिंतीला टेकून.

"सापडला चोर," बाई म्हणाल्या. "मधेच ठोके धावतात, चुकतात. अँजिओग्राफी वगैरे काही नको, एका गोळीनं भागेल. पण मला सांगा, दिवस मावळायच्या आधी तुम्ही काय करत होता? ठोके इतके शांत, जणू झोपलेत."

"फलाटावर बोलत व्हतो," भुजंगराव म्हणाले.

दत्तरावांचं तोंड उघडं पडलं. "म्हंजे गाडी खरंच थांबली व्हती?"

गुरुजींनी गंभीरपणे होकाराची मान डोलावली.

"आणि जेवणाच्या वेळी एकदम घोडदौड," बाई पडद्यावर बोट ठेवत म्हणाल्या. "तेव्हा काय केलंत?"

भुजंगराव चाचरले. "बायकोला खरं सांगितलं."

बाईंनी चिठ्ठीवर गोळीचं नाव लिहिलं. "गोळी लागू पडेपर्यंत तसलं काही करू नका."

त्या संध्याकाळी दत्तरावांनी स्वतः रुमालानं बाक झटकला आणि विचारलं, "तुरीच्या शेंड्यावरून नांदेड दिसायचं का रे?"

"नांदेडचं काय घेऊन बसलास, तुझं केदारनाथ दिसायचं," भुजंगराव म्हणाले, आणि नाडी अगदी संथ होती.

पुढच्या शनिवारी कडूबाईनं ताटात मेथी वाढली. मीठ दोनदा पडलं होतं.

"कशी झाली?"

भुजंगरावांनी खिशातल्या गोळ्यांच्या पाकिटावर हात ठेवला.

"फस्क्लास."

कडूबाई त्यांच्या छातीकडं बघून हसली. तिथं आता चिकटपट्टीचे चौकोनी डाग तेवढे उरले होते. तिनं न विचारताच आणखी एक पळी वाढली.