कब्रस्तानातल्या आंब्यावरचं दगडफूल

त्या रविवारी जफर मास्तर कब्रस्तानाच्या फाटकातून बाहेर आले ते रुमालात आंब्याच्या सालीचा तुकडा घेऊनच. कशफ नेहमीसारखी भिंतीशी उभी होती. त्यांच्या मोहल्ल्यातल्या बाया फाटकाच्या आत जात नसत. अम्मीला जाऊन वर्षं लोटली, पण तिची कबर कशफनं पाहिलेली नव्हती. यवतमाळच्या कॉलेजात ती मराठी शिकवायची. रविवारी काळीपिवळी जीपनं दारव्ह्याला यायची, वडिलांबरोबर इथवर चालत यायची आणि थांबायची. ते आत जाऊन फातिहा पढायचे आणि येताना तिच्यासाठी झाडावरचं काहीतरी आणायचे.

"हात पुढं कर," मास्तर म्हणाले. उभी हयात जीवशास्त्र शिकवण्यात गेली होती. निवृत्तीनंतरही त्यांच्यासमोर वर्ग बसलेलाच असायचा. "काय आहे, सांग."

"दगडफूल. मसाल्यातलं."

"आणि नाव दगडाचं, राहणं झाडावर! कशावरून ओळखलंस?"

तिनं तुकडा डोळ्यांजवळ नेला. राखाडी पापुद्रा, कडा कोबीच्या पानासारख्या वळलेल्या. मास्तरांनी नखानं कड उचलून दाखवली. खालची बाजू काळी होती. पाणी शिंपडलं तसा राखाडी रंग हिरवट झाला. मग त्यांनी वरचा थर खरवडून आतला पांढरा गाभा उघडा केला आणि डोळ्यांच्या औषधाच्या जुन्या बाटलीतून त्यावर एक थेंब सोडला. ब्लिचिंग पावडरचं पाणी होतं. गाभा लालभडक झाला आणि बघता बघता फिकटला.

"शेजारच्या आंब्यावर अगदी असंच दिसणारं आहे, पण ते लाल होत नाही. तुझी अम्मी लालवाल्याच्या खाली आहे. कच्च्या कबरीला ना दगड, ना पाटी. मी यावरूनच ओळखतो."

"झाडाला खात नाही ना हे?"

"छे! भाडेकरू आहे. स्वतःची चूल वेगळी मांडतो."

परतताना त्यांनी तिला भजी घेऊन दिली, काळीपिवळीत खिडकीशी बसवलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "पावसाचे दिवस आहेत बाबू, हळू ने." मंगळवारी पहाटे फजरच्या नमाजाला ते उठले नाहीत.

मय्यत निघाली तेव्हा पाऊस कोसळत होता. अम्मीच्या बाजूलाच त्यांना जागा मिळाली, असं तिला घरी येऊन सांगण्यात आलं.

हिवाळा सरला, शब-ए-बरात आली. त्या रात्री माणसं आपापल्या कबरींवर जातात, म्हणून आधी सगळ्या मोहल्ल्यानं मिळून कब्रस्तान साफ केलं. दुपारी कशफ फाटकाशी पोहोचली, तेव्हा तिचा चुलतभाऊ परवेज बाहेर येत होता. त्याचं बसस्टँडजवळ गॅरेज होतं. हात एरवी काळे असायचे, आज गेरूनं लाल होते.

"आपा, घोळ झाला," तो म्हणाला. "चाच्यांची कबर सापडून नाही राह्यली."

"तू स्वतः खांदा दिलास ना रे?"

"पाऊस किती होता! छत्र्यांशिवाय काही दिसत नव्हतं. माती बसली, वरून गवत माजलं, अन् आता साफसफाईत आम्हीच सारं सपाट करून टाकलं. कबर खोदणारा बाबाही हिवाळ्यात गेला. आंब्याखाली होती एवढं पक्कं. पण आंबे तीन."

"ज्या आंब्यावर ते राखाडी..."

"ते डाग? ते तर घासून काढले ना! झाडाले खरूज झाली वाटलं. तारेचा ब्रश मारला, वरून चुना अन् गेरू." त्यानं कौतुकानं छातीवर हात ठेवून उंची दाखवली. मग तिचा चेहरा पाहून हात खाली घेतला.

"छातीच्या वर असेल अजून. चढ."

"आता? या वयात?"

"चाळिशी नाही आली तुझी."

"पोट तर आलं!"

पण तो गेला. आधी मूठभर भुकटी घेऊन आला. "हे निघतच नव्हतं, स्क्रू-ड्रायव्हरनं खरडलं."

"हे नाही. सालीला चिकटून बसतं ते वेगळं. कड सुटी पाहिजे, पानासारखी. खालून काळी."

दुसऱ्या खेपेला तो घामाघूम होता. "डाव्या खिशातलं विहिरीकडच्या आंब्याचं, उजव्यातलं नाल्याकडच्या. तिसऱ्यावर असलं नाहीच. मले तर दोन्ही एकच दिसते. बिर्याणीत कोणतंही चालेल." बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

फाटकाशी ब्लिचिंग पावडरचं पोतं उघडंच होतं. कशफनं आपल्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणात चिमूटभर पाण्यात कालवली. डाव्या खिशातला पापुद्रा खरवडून थेंब सोडला. पांढरं पांढरंच राहिलं. मग उजव्यातला. तोही लाल होईना. आता दोघांची जागा सांगणारं जगात कुणी नव्हतं. तिनं उजव्यातला पुन्हा खरवडला, हिरवा थर पुरता निघेपर्यंत, आणि पुन्हा थेंब टाकला.

लाल.

"नाल्याकडचा," ती म्हणाली.

"शुक्र आहे!" परवेजनं कुदळ उचलली. "मी माती ओढून येतो. तू थांब इथं. पण दोघं आहेत तिथं. चाचा कोणत्या बाजूले?"

अब्बांनी तेही कधीतरी सांगितलं होतं: अम्मी खोडाला लागून आहे. ते ती इथूनही सांगू शकली असती. पण ती ओढणी डोक्यावर घेऊन फाटकातून आत निघाली.

"आपा?" परवेज मागोमाग धावला. नळावर हात धुणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मान वर केली, काही बोलणार तोच परवेज म्हणाला, "मास्तरांची पोरगी आहे, चाचा. कबर तिलेच माहीत आहे." म्हातारा पुन्हा हात धुऊ लागला.

आंब्याचं खोड छातीपर्यंत चुन्यागेरूनं रंगवलेलं होतं, रंगाच्या वरच्या भागात राखाडी पापुद्रे. खाली नुसती झाडलेली जमीन. नीट पाहिल्यावर दोन उथळ खळगे दिसले, शेजारी शेजारी. आपण इतकी वर्षं कशाची कल्पना करत होतो, ते तिला आठवेना. यापेक्षा मोठं काहीतरी होतं.

"खोडाकडची अम्मी," तिनं बोट दाखवलं. "ही अब्बांची."

परवेज कुदळ टेकवून थोडा दूर जाऊन उभा राहिला. तिनं दुआसाठी हात वर केले. ओठांवर आलं ते भलतंच, आणि तिनं ते अडवलं नाही.

"अब्बा," ती मोठ्यानं म्हणाली, "मला दगडफूल नको होतं. मला आत यायचं होतं."