कोशाला लागलेला विटाळ

जागेश्वरच्या ऐनाच्या झाडांवरच्या कोशाच्या अळ्या पटापट मरू लागल्या, तेव्हा कारण शोधायला गावाला फार वेळ लागला नाही. घरात सून होतीच.

रेशमाच्या या अळ्या झाडावर असेपर्यंत त्या घरात डोक्याला तेल नाही, मटण नाही, आणि बाईला पाळी आली की तिनं ऐनांकडे फिरकायचंही नाही. नेमक्या त्याच दिवसांत एका दुपारी जागेश्वरचा डोळा लागला, कावळे अळ्या टिपू लागले आणि त्याची सून खुशबू त्यांना हाकलायला धावली. चांगलं करायला गेली आणि अंगाशी आलं. तिला माहेरी पोचवून यावं, परत आणायचं की नाही ते पुढं बघू, असं जागेश्वरनं ठरवलं. तिचा नवरा कैलाश 'बरं' म्हणाला. असल्या नवऱ्यांना काय म्हणावं!

बचत गटातल्या तृप्तीला हे नळावर कळलं. ती ऐनांखाली गेली, मेलेली अळी उचलून पाहिली. अळी सडलेली नव्हती. खडूसारखी कडक होती, अंगावर पांढरं पीठ. हे पीठ ती रोज पाहायची. बचत गटाच्या खोलीत तुमसरच्या गिरणीतली तांदळाची कणी शिजवून त्यावर ती हीच बुरशी वाढवायची. धानावर फवारली की ती किडीच्या अंगात रुजते आणि कीड मरते. यानं माणूस मरत नाही, गुरं मरत नाहीत, असं ती गावभर सांगत फिरली होती, आणि ते खरंच होतं. पण बुरशीला कोशाची अळी काय नि धानाची अळी काय, दोन्ही सारख्याच. मागच्या आठवड्यात शेजारच्या धानाच्या बांधीत फवारणी झाली, तेव्हा वारा ऐनांकडे होता.

हे सांगायचं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. तिचा नवरा अंकुश विषारी औषध फवारता फवारता बांधावर कोसळला होता. वाचला, पण हात अजून थरथरतो. तेव्हापासून तिनं हे काम धरलं होतं. आता तोंड उघडलं की लोक पुन्हा त्याच विषाच्या बाटल्या आणणार. ती भ्याली आणि एक दिवस गप्प बसली. त्या दिवशी तिला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती जागेश्वरच्या अंगणात उभी राहिली.

"बाबाजी, खुशबूचा काही दोष नाही. अळ्या माया औषधानं मेल्या."

"तिले वाचवाले बोलून राहिली तू," जागेश्वर म्हणाला. "बुरशीनं कोसा मरते, असं माया बापानं कधी सांगतलं नाही."

"तुमच्या बापाच्या टायमाले ही बुरशी फवारत कोन होतं?"

"मंग दाखव मारून."

"जित्या अळ्या द्या, दाखवतो."

जागेश्वर उसळला. कडेच्या दोन झाडांवर थोड्या अळ्या उरल्या होत्या. "त्या पुढच्या सालच्या बियान्याच्या हायेत. सुनेपायी बियानं मारू काय?"

खुशबू दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती पायरी उतरली आणि सरळ ऐनांकडे चालू लागली. "खुशबू, तिकडं नोको जाऊ," कैलाश म्हणाला. तिनं मागं पाहिलं नाही. अंगठ्याएवढ्या हिरव्या अळ्या असलेल्या दोन फांद्या तिनं तोडून आणल्या.

"ताई, एकीवर टाका. दुसरीवर नोका टाकू. दोनीले माया हात लागला हाय."

फांद्या पाण्याच्या दोन मडक्यांत खोचून, जाळी घालून, घराच्या दोन टोकांना ठेवल्या. एकीवर तृप्तीनं बुरशीचं पाणी शिंपडलं. आपल्या हातानं आपलंच काम बुडवताना तिला रडू आलं, आणि तिनं ते लपवलंही नाही.

आठवड्याभरात त्या फांदीवरच्या अळ्या पांढऱ्या पडून ताठ झाल्या. दुसरीवरच्या पानं कुरतडत होत्या. गावातले निम्मे लोक बाटल्या आणायला लाखनीला जाऊन आले होते. तृप्ती उरलेल्यांना सांगत होती, की ऐनांजवळच्या बांध्या सोडून बुरशीच फवारा. ऐकणारे थोडे होते.

जागेश्वरनं दोन्ही मडक्यांवरची जाळी उचलून पाहिली. मग आत पाहून म्हणाला, "सुनबाई, चहा ठेव."

खुशबू बाहेर आली, ती हातात पिशवी घेऊनच.

"चहा तुमीच ठेवा, मामाजी. मी माहेरी चालली."

"आता कोन जा म्हनते तुले?"

"कोनीच नाही. म्हनूनच चालली."

कैलाशनं घाईघाईनं गाडी बाहेर काढली.

"तुमी नोका येऊ," ती म्हणाली. "रस्ता मले माहीत हाय."