सासऱ्यांच्या नावावर खोली

“मी काय परका आहे का माझं नाव वहीत घालायला? सख्खा भाऊ आहे मी तुझा.”

पेंटरच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात ब्रश. समोर दाताच्या डॉक्टरची अर्धवट पाटी, आणि ब्रशमधला लाल रंग टपटप बुटावर गळतोय. पण साहेबांचं लक्ष आहे कुठं.

“भाऊ असशील,” पलीकडून ताई म्हणाली. तिचा आवाज कायमचा तसाच, कुठं आग लागली तरी घाई नाही. आणि खरंच लागली होती तेव्हाही नव्हती. “पण यंदा माझ्या घरी उतरायचं नाही. पोस्टमनला फोन कर, नंबर लाव. ज्याच्याकडे नंबर येईल त्याच्याकडे राहायचं. दिवसा भेटू की आपण.”

“मग येतच नाही मी. बस तू तुझी वही घेऊन.”

फोन कट. पेंटरने रागारागात डॉक्टरच्या पाटीवर बाण काढला, तो काढला उलट्या बाजूला. दवाखाना डावीकडे, बाण उजवीकडे, थेट न्हाव्याच्या दुकानात. बायको दारातून बघत होती. तिने नुसता रंग पुसायचा बोळा पुढं केला. त्याचा त्याला जास्त राग आला.

आता रागाचं खरं कारण वेगळंच होतं. ताई लग्न होऊन त्या डोंगरातल्या गावात गेली, नवरा लवकर वारला, आणि सहा खोल्यांचं पाहुण्यांचं घर तिने एकटीने चालवलं. अख्खं गावच पाहुण्यांवर जगणारं. वीस वर्षं झाली, दर उन्हाळ्यात पेंटर बायकोला घेऊन तिच्याकडे जायचा, कोपऱ्यातली खोली त्याची ठरलेली. मागच्या उन्हाळ्यात ते परत आले आणि आठवड्याने तिथं वणवा उतरला. वरच्या पाईनच्या रानातून आला आणि तीन दिवसांत निम्म्याहून जास्त गाव खाऊन गेला. चार दिवस ताईचा फोन लागत नव्हता. पेंटरने फोन लावून लावून बोटं झिजवली, जेवला नाही, बायकोवर खेकसला, शेजाऱ्याच्या कुत्र्यावरही खेकसला. पाचव्या दिवशी ताईचा फोन आला. म्हणाली, “घर वाचलं. मी पण.” आणि ठेवून दिला, कारण मागे लोक रांगेत उभे होते.

त्यानंतर आधी रस्ता बंद, मग थंडी, मग ‘आत्ता नको, इथं गर्दी आहे’. दहा महिने. ताई धडधाकट आहे हे पेंटरच्या कानांना माहीत होतं, डोळ्यांना नव्हतं. त्याला फक्त तिला एकदा समोर बघायचं होतं. पण एवढं सरळ बोलता आलं असतं तर तो पेंटर कसला.

संध्याकाळी बायकोने गुपचूप ताईला फोन केला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि जेवताना नवऱ्याच्या डोक्यात भरवायला बसली. गावाने ठरवलंय म्हणाली. सगळी घरं एकाच वहीत. उभी असलेली पण आणि जळालेली पण. वही पोस्टमनकडे, कारण कुठलं घर कुठं होतं हे त्याच्याइतकं कुणाला पाठ नाही. कुणी राहायला यायचं म्हणून फोन केला की पुढचा नंबर ज्या घराचा, पाहुणा त्याचा. घर जळालेलं असेल तर त्या माणसाला उभ्या घरातली एक खोली मिळते. झाडलोट त्याने करायची, रांधून वाढायचं त्याने, कमाई त्याची. घरमालकाने फक्त खोली द्यायची आणि मध्ये नाक खुपसायचं नाही. आणि कुणीही आपल्या नातेवाइकाला म्हणून खोली अडवायची नाही.

“म्हणजे माझ्या बहिणीच्या घरात कोण कुठलं राहणार, आणि मी रस्त्यावर,” पेंटर म्हणाला.

“अहो, रस्त्यावर कशाला? नंबर लावा ना.”

“मी नंबर लावणार नाही.”

आणि दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढून, आतल्या बाकड्यावर बसून, त्याने नंबर लावला. पण स्वतःच्या नावाने नाही. हट्टच तसा होता. त्याचं गणित असं, की वही वरच्या आळीपासून सुरू होणार, ताईचं घर वरच्या आळीत, म्हणजे आत्ता लगेच फोन केला तर नंबर तिचाच लागणार. मग तिच्या दारात जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, घे, आला तुझा पाहुणा, वहीप्रमाणे. नाव दुसऱ्याचं पाहिजे, नाहीतर पोस्टमन ओळखेल. घाईत तोंडाला आलं ते सासऱ्यांचं नाव. आवाज पण जरा खोकून बसका केला.

“वय?” पोस्टमनने विचारलं.

पेंटर गडबडला. सासऱ्यांचं होतं ते सांगून बसला, “चौऱ्याहत्तर.”

“अरे वा. काका, एकटे येणार?”

“मुलगी आणि जावई आहेत बरोबर.” वर स्वतःच जोडलं, “जावई चांगला आहे.”

पोस्टमनने खरखर लिहून घेतलं. मग म्हणाला, नंबर शिंपीणबाईंचा लागलाय. त्यांचं घर गेलं आगीत, पण काळजी करू नका, खोल्या झकास आहेत. आणि कुठल्या घरात ते सांगितलं. सहा खोल्यांचं घर, वरच्या आळीत, चौकटीला निळा रंग. तो निळा रंग पेंटरने स्वतःच्या हाताने दिला होता.

“त्या घराच्या मालकीणबाई?” पेंटरने विचारलं, आणि आवाज बसका ठेवायचं विसरला.

पोस्टमनच्या लक्षात नाही आलं. तो भरभरून बोलायला लागला. ही वहीची सगळी कल्पना त्यांचीच म्हणे. आग विझल्यावर शाळेत सगळं गाव जमलं, ज्याचं गेलं तो रडतोय, ज्याचं राहिलं तो तोंड लपवतोय. तेव्हा या बाई उठल्या आणि म्हणाल्या, रडू नंतर, आधी उन्हाळ्याचं बघू. सहाच्या सहा खोल्या त्यांनी जळालेल्या सहा घरांना देऊन टाकल्या आणि स्वतःचा नंबर शेवटी लिहायला लावला. यंदा काही तो येत नाही.

पेंटरच्या गालावर कुणी सणसणीत ठेवून दिली जणू. मग म्हणाला, हे रद्द करता येईल का.

“करता येईल की,” पोस्टमन म्हणाला. “पण मग शिंपीणबाईंचा नंबर वाया जातो, पुन्हा वही फिरेपर्यंत उन्हाळा संपतो. आगीनंतरचा पहिला पाहुणा आहात तुम्ही त्यांचा.” थोडं थांबून म्हणाला, “करू का रद्द?”

“नको,” पेंटर म्हणाला.

घरी सांगितल्यावर बायकोने कपाळावर हात मारून घेतला. खोटं बोललात ते बोललात, माझ्या बाबांच्या नावाने? त्यांना गाडीचा धूर सोसत नाही, चढ सोसत नाही आणि तुम्ही तर मुळीच सोसत नाही. पेंटर मान खाली घालून बसला. वीस वर्षांच्या संसारात तो असा दुसऱ्यांदा बसला होता, आणि पहिल्यांदा का बसला होता ते दोघंही काढत नाहीत.

आणि मग शिंपीणबाईंचे फोन सुरू झाले.

पहिल्या फोनला त्यांनी विचारलं, काका, उशी उंच लागते की चपटी. दुसऱ्याला, तिखट चालतं का, दात कितपत आहेत. पेंटर बसक्या आवाजात उत्तरं द्यायचा, मधून मधून खोकायचा, आणि बायको पदर तोंडात कोंबून हसायची. तिसऱ्या फोनला बाई म्हणाल्या, अंघोळीच्या जागी धरायला कठडा ठोकून घेतलाय, आता तुम्ही पडत नाही. सुतारानं दोन खिळे जास्तच मारलेत. त्या दिवशी बायको हसली नाही.

मशीन त्यांचं जळून गेलं होतं. शाळेत गावाने मिळून एक मशीन ठेवलेलं, त्यावर पाळीने शिवायचं. बाईंची पाळी दुपारची. त्या वेळात त्या गोधडी शिवत होत्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला डोंगरातली थंडी बाधू नये म्हणून. तुकडे कुठले म्हणून विचारलं तर म्हणाल्या, गावातले, सगळ्यांचे थोडे थोडे.

पेंटरला आता त्या फोनची सवय लागली. दुपारी ब्रश चालवताना कान मोबाइलकडे. एकदा तो म्हातारा होऊन, म्हणजे म्हाताऱ्याचा आवाज काढून, विचारून बसला की आग आली तेव्हा तुम्ही घरातून काय उचललं.

“मापांची वही,” बाई म्हणाल्या.

“फक्त?”

“अहो काका, सोळा वर्षांची मापं. अख्ख्या गावाची. दागिने काय, पुढंमागं होतील. पण सगळी अंगावरच्या कपड्यानिशी पळाली होती. दुसऱ्या दिवसापासून कपडे लागणारच होते ना लोकांना? टेप घेऊन रडणाऱ्या माणसाची छाती मोजत बसू का मी?”

आणि तेच झालं होतं. शाळेच्या हॉलमध्ये, बाहेरून आलेल्या कापडाचे तागे, कुणाचं तरी मागून आणलेलं मशीन, आणि बाई वही उघडून बसल्या. कुणालाही उभं न करता दोनशे माणसांना बसतील असे कपडे शिवले. ज्यांची पोटं आगीच्या धास्तीनं आत गेली त्यांना जरा सैल झाले, तेवढंच.

फोन ठेवून पेंटरने ब्रश बाजूला ठेवला. त्याने आयुष्यभर दुसऱ्यांची नावं मोठ्या अक्षरात रंगवली, दाताचे डॉक्टर, वकील, मिठाईवाले, सगळे. एवढ्या पाट्यांत असं माणूस त्याला भेटलं नव्हतं. आणि अशा बाईला आपण रोज खोटं खोकून दाखवतोय. ताई पण तसलीच, सहा खोल्या वाटून मोकळी झाली आणि भावाला त्यातलं अक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो भांडला असता का? भांडलाच असता, तो भाग वेगळा.

तो उठला आणि तडक सासऱ्यांकडे गेला. सगळं ओकून टाकलं. सासरे पेपर वाचत होते. त्यांनी पेपरची घडी घातली आणि चष्म्यावरून बघितलं.

“कठडा माझ्यासाठी ठोकला?” सासऱ्यांनी विचारलं.

“हो.”

“गोधडी पण?”

“हो.”

“आणि जावई चांगला आहे असं मी म्हणालो?”

पेंटरने मान हलवली.

“ते तेवढं मी तिथं गेल्यावर दुरुस्त करीन,” सासरे म्हणाले, आणि माळ्यावरची बॅग काढायला लावली.

निघायच्या दिवशी सकाळी सामान दारात, भाड्याची गाडी खाली उभी. आणि पेंटरचे पाय काही उंबऱ्याबाहेर पडेनात. खोटं घेऊन त्या बाईच्या हातचं जेवायचं कसं? शेवटी त्याने फोन लावला, आणि पहिल्यांदा स्वतःच्या आवाजात बोलला. मी जावई बोलतोय म्हणाला. आणि इतके दिवस पण मीच बोलत होतो. नाव सासऱ्यांचं, खोकला माझा. का, तेही सांगितलं, बहीण म्हणजे त्या घराची मालकीण, तिच्याशी भांडलो म्हणून.

पलीकडे काहीतरी ढवळणारा चमचा थांबला.

“म्हणजे काका येत नाहीत?” बाईंचा आवाज एकदम बारीक झाला.

“येतायत. ते खरे आहेत. खाली गाडीत बसलेत केव्हाचे.”

“मग झालं तर.” बाईंनी श्वास सोडलेला त्याला ऐकू आला. “मला वाटलं कठडा फुकट गेला. अहो, तुमचा खोकला खोटा आहे हे पहिल्याच दिवशी कळलं मला. खरा म्हातारा खोकून झाल्यावर दम घेतो, तुम्ही लगेच पुढं बोलता. पण म्हटलं असेल एखाद्याला हौस.” मग फोन बाजूला धरून कुणाला तरी म्हणाल्या, “तुमचा भाऊ आहे. घ्या.”

आणि ताई फोनवर आली.

“तुला कधी कळलं?” त्याने विचारलं.

“वहीत नाव वाचलं तेव्हाच. तुझ्या लग्नात त्यांच्याशी मानपानावरून भांडले होते मी, विसरेन होय?”

“मग खोडलं का नाहीस?”

“खोडलं असतं तर हिचा नंबर गेला असता. आणि तू आला नसतास.” मागं भांडी वाजत होती, कुणीतरी हसत होतं, घर भरलेलं ऐकू येत होतं. “हे बघ, आता माझ्याच घरात राहशील, पण पाहुणा हिचा. मी तुला चहासुद्धा देणार नाही. काही हवं असलं तर हिला मागायचं, आणि नावं ठेवायची नाहीत.”

“तू कुठं झोपतेस, ताई?”

“कोठीत. धान्याच्या डब्यांशेजारी. मस्त झोप लागते.”

पेंटरला खूप ओरडायचं होतं. पन्नाशी उलटलेली बाई, गुडघे दुखतात, स्वतःच्या सहा खोल्या असून कोठीत झोपते, शहाणपण कुणी शिकवलं, असं बरंच काही. दहा महिन्यांचं साठलेलं. तोंड उघडलं पण आवाज फुटला नाही, ना स्वतःचा, ना सासऱ्यांचा.

“रडतोयस का रे?” ताईने विचारलं.

“नाही. खोकला आलाय.”

“ये लवकर,” ती म्हणाली, आणि आज पहिल्यांदा तिच्या आवाजात घाई होती.

तो काहीतरी सांगायला गेला, दोन शब्द जुळवलेसुद्धा. पण खाली सासऱ्यांनी ड्रायव्हरच्या अंगावरून हात घालून हॉर्न धरून ठेवलाय, सोडतच नाहीत, सगळी गल्ली खिडक्यांत आलीय, आणि बायको जिन्यातून हाका मारतेय. ठेव म्हणाला, ठेव ताई, निघायलाच हवं मला आता.