शेजीच्या एकशे शहाऐंशी ओव्या

"दूर देशी आले बाई, कोणी नव्हते ओळखीचे
शेजीच्या गं हाकेने, घर झाले चार भिंतींचे."

सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये शेजारच्या विजयाताई गहू निवडताना हे म्हणायच्या. मी साताऱ्याहून नवी नवरी आलेले, हिंदीचं अक्षर येत नव्हतं. त्या जरा बसक्या आवाजाने दिल्ली मला माझी वाटू लागली. त्यांच्या ओव्या मी वहीत उतरवल्या. विजयाताई वारल्या, पुढे आम्ही द्वारकेला फ्लॅटमध्ये आलो, वही वाळवीने खाल्ली. पण त्याआधी मी सगळ्या लॅपटॉपवर टाइप केल्या होत्या. एकशे शहाऐंशी. दुसरीकडे कुठेच नव्हत्या.

त्या दिवाळीच्या तोंडावर लॅपटॉप उठेचना. काळ्या पडद्यावर इंग्रजीची एक ओळ, बस. आमचे हे लगेच म्हणाले, सूनबाईंनी कालच काहीतरी घातलं होतं त्यात. निधीने माझ्यासाठी मराठी कीबोर्ड घातला होता. ती गुडगावच्या ऑफिसात कॉम्प्युटरचंच काम करते, तरी एवढंच म्हणाली, "असेल, बाबा."

दुकानदार म्हणाला, नवीन सिस्टिम टाकतो, पण जुनं सगळं जाईल. मग ह्यांनीच कंबर कसली. शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर एक फुकटची सिस्टिम उतरवली, पेन ड्राइव्हवर कॉपी केली, तो आमच्या लॅपटॉपला लावला. काही नाही. तीन दिवस तेच. फाइल आत दिसते आहे, मग अडलंय कुठे, म्हणून चिडायचे. जन्म मंत्रालयात गेला, फाइल टेबलावर पोचली की ह्यांच्या लेखी काम झालं.

शनिवारी निधी स्वतःच येऊन बसली. फाइल नुसती ठेवून भागत नाही म्हणाली, मशीनला तिच्यातून उठता येईल अशी ती लिहावी लागते, आणि लिहिताना ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. म्हणून आधी त्यातले आमच्या नातवाच्या, मानसच्या मुंजीचे फोटो तिने आपल्या लॅपटॉपवर काढून घेतले. मग एका छोट्या प्रोग्रामने ड्राइव्ह लिहिला. आमच्या लॅपटॉपला लावून, सुरू होताना एक बटण दाबून त्याला सांगितलं, आधी ड्राइव्ह बघ, डिस्क नंतर.

पडदा उजळला. दोन पर्याय आले: इन्स्टॉल करा, किंवा इन्स्टॉल न करता नुसतं चालवून बघा. ह्यांचं बोट पहिल्याकडे निघालं. निधीने हळूच मनगट धरलं.

"बाबा, आधी आईंच्या ओव्या बाहेर काढू. मग काय पुसायचं ते पुसा."

डिस्क उघडली. माझं फोल्डर जागच्या जागी होतं. दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवता उतरवता ती एक ओवी वाचू लागली, अडली. "आई, शेजी म्हणजे?"

"पडोसन गं," मी म्हटलं. "पण त्याहून जवळची." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. परक्या गावात मला दोनदा कुणीतरी सांभाळून घेतलं होतं.

हे केव्हा उठून गेले कळलं नाही. चहा घेऊन आले. ह्यांच्या हातचा चहा घरात कुणी पाहिला नव्हता. कप निधीपुढे ठेवला आणि उभेच राहिले.

"निधी, तुझ्या कीबोर्डने काही झालं नव्हतं. भाजीला निघताना मी सवयीने मेन स्विच पाडला. लॅपटॉपची बॅटरी तर कधीचीच गेलेली. पडद्यावर लिहिलं होतं, अपडेट चालू आहे, बंद करू नका. मी वाचलं होतं गं."