धुतलेलं करडू

ज्योतीरामाला त्या दिवसांत साबणाचं खूळच लागलं होतं म्हणा ना. पिंपरीला औषधाचा नवा कारखाना निघाला, तिथं त्याला बाटल्या धुवायचं काम मिळालं, आणि साहेबांनी सांगितलेलं जंतूंचं पुराण घेऊन तो रोज आकुर्डीला घरी येऊ लागला. बायको शालन आठव्या महिन्यातली. तिला तर त्याने बजावूनच ठेवलं होतं, मूल झालं की आधी साबणाने आंघोळ, मग वेगळा पाळणा, आई त्याच्या नंतर.

थंडीतल्या एका सकाळी शालनची माहेरची शेळी व्याली. धुकं इतकं की गोठ्यातून घर दिसेना. शालन अजून निजलेली. ते चिकट, पिवळट करडू बघून ज्योतीरामाला राहवतंय कुठलं! शेळीने जीभ लावायच्या आत त्याने ते उचललं, कोमट पाण्याने, लाल साबणाने चोळून चोळून धुतलं आणि कोरडं करून आईपुढं ठेवलं.

शेळीने हुंगलं आणि सरळ शिंग मारलं.

पुन्हा ठेवलं, पुन्हा ढुशी. धरून कासेला लावावं तर शेळी पान्हा चोरायची. करडाचा आवाज बारीक होत चालला. शालन उठून आली आणि ते पदरात घेऊन बसली. पहिल्या दुधाचा चीक पोटात गेला नाही तर हे जगत नाही, एवढं ज्योतीरामालाही ठाऊक होतं.

धावत जाऊन त्याने गुरांच्या दवाखान्यातल्या यशवंतराव कंपाउंडरला आणलं. म्हाताऱ्याने करडू नाकाशी धरलं, साबणाचा वास घेतला आणि विचारलं, शेळी व्याली की वाण्याचं दुकान? मग शेळीची पाठ थोपटत तो हळू बोलला.

"व्याताना हिच्या डोक्यात एक रस सुटतो. पान्हा सोडवतो, त्योच. त्या घटकेला जो वास नाकात शिरंल, त्या वासाचं पिल्लू तिचं. घटका सरली की पोटचंबी परकं."

"सरली का?" शालनने विचारलं.

"न्हाई. करडामागनं पडती ती वार यायची हाय अजून, तिला त्योच वास आसतो. थांबा."

तिघं थांबले. धुक्यात शेळीचा श्वास मिसळत होता, कारखान्याचा भोंगा कुठल्या तरी दुसऱ्या गावात वाजल्यासारखा वाजला, आणि आज कामाला जायचंय हे ज्योतीराम विसरूनच गेला. शालन डोळे मिटून पोटावर हात ठेवून बसली होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

वार पडली. ज्योतीरामाने ती उघड्या हातांनी उचलली आणि करडाच्या अंगाला, तोंडाला, शेपटीखाली चोळली. शेळीने मान वळवली. हुंगलं. तिच्या घशातून एक खोल, थरथरता आवाज निघाला, असा त्याने तिच्याकडून कधी ऐकला नव्हता. मग ती चाटायला लागली आणि करडू कासेला झोंबलं.

ज्योतीरामाचे डोळे भरून आले. कोपरापर्यंत माखलेले हात धुवायला त्याने साबण उचलला.

"आपलं होईल तवा," मागून शालन म्हणाली, "आधी माझ्या उरावर ठिवा. जसं आलं तसं."

त्याने वडी खाली ठेवली.

"व्हय," तो म्हणाला.