पाणचक्कीचं शेवटचं प्रकरण

गल्लीत तिला सगळे टेलिफोनबाई म्हणत. टेलिफोन एक्स्चेंज कधीच बंद पडलं होतं, त्या इमारतीत आता बूट विकायचे, पण नाव काही तिला सोडायला तयार नव्हतं. नवरा तिचा चष्मेवाला. खाली त्याचं दुकान, वर दोन खोल्या, आणि त्या दोन खोल्यांत माणसांपेक्षा भुतांचीच वस्ती जास्त आहे, असं नणंद म्हणायची. ही भुतं अर्थात पुस्तकांतली. कापडी बांधणीच्या, पिवळ्या पडलेल्या जुन्या कादंबऱ्या दोघांनी मिळून जमवल्या होत्या, आणि भूत नाही अशी त्यांत एकही नव्हती.

दुकान मिटलं की चष्मेवाला वर यायचा आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसून चाकावर चष्म्याच्या काचांच्या कडा घासायचा. ती वाचून दाखवायची. "लोकांचे डोळे सुधारून सुधारून माझे दमले," असं त्याचं म्हणणं. खरं तर त्याची नजर चांगली होती, त्याला तिच्या तोंडून ऐकायचं असायचं. पुस्तकातली जिवंत माणसं ती आपल्या साध्या आवाजात वाचायची. भूत बोलायला लागलं की मात्र एक्स्चेंजमधला आवाज लावायची. सपाट, हळू, भयंकर अदबशीर. एकेकाळी लोकांचे कॉल तोडताना ती हाच आवाज लावत असे.

"थांब," तो चाक थांबवून म्हणायचा. "ते वाक्य परत वाच. आणि आधी दिवा लाव."

भुतांची त्यानं प्रतवारी लावली होती. पुरलेल्या पैशांसाठी परत येतात ती हलकी. सूड घ्यायला येतात ती तापट, त्यांच्यात मजा नाही. अर्धं राहिलेलं काम पुरं करायला येतात ती अस्सल. "आपण गेलो तर तिसऱ्या प्रतीतले," तो म्हणायचा. ती म्हणायची, "तुमची अर्धी कामं पुरी करायची तर कायमचंच यावं लागेल. संडासाची कडी आधी बघा."

शेवटचं पुस्तक पाणचक्कीचं होतं. चक्कीवाला पाण्यात बुडून मेलाय, पाण्याचा दरवाजा बंद आहे, तरी चक्की आपोआप फिरते आणि सकाळी पोत्यात कोमट पीठ सापडतं. धान्य कुणाचं, कुणी टाकलं, पत्ता नाही. चक्कीवाल्याची बायको ते पीठ हातात घेऊन उभी राहते, त्या पानावर चष्मेवाल्यानं तिला तीनदा थांबवलं होतं. पुढची प्रकरणं तिनं दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसून वाचली, शेजारच्या खाटेवरच्याला त्रास नको म्हणून पार हळू आवाजात. तो शेजारचाच कान देऊन ऐकत असायचा. शेवटचं एक प्रकरण राहिलं तेव्हा भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली.

"उद्या," ती म्हणाली.

"शेवट ऐकल्याशिवाय मी काही इथून हलत नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

ते प्रकरण तिनं वाचलं नाही. सुरुवातीला धीर झाला नाही. मग एका संध्याकाळी तिच्या मनात आलं, की जन्मभर दोघांनी जे वाचलं त्यातलं थोडं जरी खरं असेल, तर आता हे एकच काम राहिलेलं आहे. ते पुरं करून टाकलं की त्याला यायला कारणच उरणार नाही. कुणाजवळ बोलावं असं ते नव्हतं. तिलाही ऐकताना खुळचटच वाटलं असतं. पण पुस्तक तिनं खुणेच्या दोऱ्यासकट कपाटावर ठेवून दिलं. खालचं दुकान मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला भाड्यानं गेलं, पण काचा घासायचं चाक तिनं वरच ठेवून घेतलं.

रोज संध्याकाळी ती त्याच्या खुर्चीकडे पाठ करून बसायची. पाहत राहिलं तर ते येत नाहीत, हे कुठल्याही बऱ्या पुस्तकात असतं. नळाची धार, फ्रीजची घरघर, खालच्या शटरची खडखड. दोन वर्षांत तिला घरातला एकूण एक आवाज ओळखता यायला लागला, आणि त्यात नवीन एकही नव्हता.

मग नणंदेच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ही चष्मेवाल्याची धाकटी बहीण. सगळी नोकरी तिनं पोस्टाच्या खिडकीत बसून लोकांवर डाफरत काढली होती. मुलगा लांब, घरी दुसरं कुणी नाही, म्हणून भावजयीकडे आली. डॉक्टरांनी डोळ्यात हवा भरली होती आणि ती हवा जागेवर राहावी म्हणून काही दिवस पालथं पडून राहायला सांगितलं होतं. जेवणही पालथंच. टेलिफोनबाईनं कॉट भिंतीपासून ओढली, नणंदेचं तोंड कडेबाहेर येईल अशी उशांची रचना केली आणि खाली स्टुलावर नळी घातलेला पेला ठेवला.

"फरशी पुसत जा गं वहिनी," पहिल्याच दिवशी नणंद म्हणाली. "आता मला दुसरं काही दिसत नाही."

"वन्सं, आजच पुसली."

"मग हे कोपऱ्यात काय आहे? भूत?"

दुपारपर्यंत ती कंटाळली. संध्याकाळी म्हणाली, "दादाला वाचून दाखवायचीस ते काहीतरी वाच. झोप तरी लागेल."

"तुम्हाला कुठं आवडतात असली पुस्तकं?"

"मला पालथं पडायलाही कुठं आवडतं? ते चक्कीचं वाच. दवाखान्यात तो त्याचंच सांगत होता."

तिनं पहिल्या पानापासून सुरुवात केली. इतके दिवस कुणाला वाचून दाखवलं नव्हतं, आवाज आधी गंजल्यासारखा निघाला. पण दुसऱ्या प्रकरणात चक्कीवाला बोलायला लागला आणि तिनं आपसूक एक्स्चेंजचा आवाज लावला. पालथ्या नणंदेनं पाय पांघरुणात ओढून घेतले. जरा वेळानं म्हणाली, "वहिनी, तो आवाज नको काढूस." मग म्हणाली, "बरं, काढ."

झोप वगैरे कुणाला आली नाही. नणंद सकाळीच विचारायची, "आज किती वाचणार?" पिठाच्या पानावर तिनंही थांबवलं. टेलिफोनबाईंना बरं वाटत होतं, पण पुस्तक डाव्या हाताला जाड आणि उजव्या हाताला पातळ होत चाललं होतं. आणि एका संध्याकाळी दोरा ठेवलेलं पान आलं.

तिनं दोरा काढला नाही. आधीच्याच पानावर नजर ठेवून ती मनानं रचून बोलत गेली. चक्की थांबली. चक्कीवाल्याची बायको गावाला गेली. तिथं तिचं लग्न झालं आणि ती सुखात राहिली.

"वहिनी," फरशीच्या दिशेनं आवाज आला, "पान कधी उलटलंस?"

"अं?"

"या पुस्तकाचं प्रत्येक पान पापड मोडल्यासारखं वाजतं. आत्ता बाई गाव सोडून गेली, बोहल्यावर चढली, आणि पान एकही वाजलं नाही. आणि लग्न कुणाशी केलं? अख्ख्या पुस्तकात एक गाढव सोडलं तर बिनलग्नाचं कुणी नव्हतं."

बाईंनी पुस्तक मिटलं. पालथ्या माणसाशी बोलणं सोपं असतं, तोंड बघावं लागत नाही. तिनं सगळं सांगितलं. शेवटचं प्रकरण का राखून ठेवलं, ते आणि खुर्चीकडे पाठ करून बसणंही.

नणंद हसेल असं तिला वाटलं होतं. तिनं चाचपडत नळी तोंडात धरली आणि पेल्यातलं पाणी संपवलं.

"म्हणजे दोन वर्षं तू दादाला ताटकळत ठेवलंयस," शेवटी म्हणाली.

"ताटकळत नाही. वाट बघतेय."

"तो येऊन करणार काय पण? तू तोंड मिटून बसलेली. मी कुणाकडे जेवायला गेले आणि ओटा कोरडा ठणठणीत दिसला, तर मी दारातूनच मागे फिरेन. तो ऐकायला येणार ना? मग वाच. येणार असेल तर आवाजाला येईल."

"आणि नाही आले तर?"

"तर नाही आला," नणंद म्हणाली. या वेळी पोस्टातला आवाज नव्हता.

बाहेर अजून उजेड होता. टेलिफोनबाई उठून उगाच पाणी प्यायली. मग खुर्चीकडे पाठ करून बसली, दोरा काढला आणि वाचायला लागली. पुरा आवाज लावून वाचलं, खालच्या मोबाइलवाल्यालाही ऐकू गेलं असेल. चक्कीवाल्याची वाक्यं आली तेव्हा तिची मान ताठ झाली. पानं वाजत राहिली. शेवटची ओळ झाली आणि ती तशीच बसून राहिली. वळायचं तेवढं उरलं होतं.

"आहे का गं?" नणंदेनं विचारलं. अगदी बारीक, लहान मुलीसारखं.

तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, की नणंद आपली समजूत घालत नव्हती. हिलाही तो हवा होता. क्षणभर वाटलं, हो म्हणावं. हिला कुठं दिसतंय? मग ती वळली. खुर्चीवर नणंदेची शाल पडली होती.

"नाही, वन्सं," ती म्हणाली.

"मला रडायची बंदी आहे," नणंद म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय." बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दिवा लावायचं विसरून दोघी तशाच राहिल्या.

सकाळी चहा देताना बाईंनी विचारलं, "शेवटी झालं काय पण?"

"कशाचं?"

"चक्कीचं."

"तूच वाचलंस ना?"

"माझं सगळं लक्ष पाठीमागे होतं. एक शब्द डोक्यात शिरला नाही."

नणंद नळीनं चहा ओढत म्हणाली, "बाई जाऊन बंधारा फोडते. पाणी निघून जातं. दुसऱ्या दिवशी पोतं रिकामं. संपलं."

"आणि चक्कीवाला?"

"त्याचं पुढे काही सांगितलेलंच नाही."

"एवढं ठोकळ्याएवढं पुस्तक वाचून?"

"नाहीतर काय. दादानं भिरकावून दिलं असतं."

हवा जिरली, नणंद उताणी झाली आणि मग आपल्या घरी गेली. जाताना फरशी स्वच्छ असल्याचं प्रमाणपत्र देऊन गेली. त्या संध्याकाळी टेलिफोनबाई कपबश्या विसळत होती आणि तो शेवट मनात घोळवत होती. बंधारा फोडणं हा काय शेवट झाला, असं तिनं चष्मेवाल्याच्या बाजूनं म्हणून पाहिलं. मग आपल्या बाजूनं उत्तर दिलं, की बाईनं बरोबरच केलं, रोज उठून कुणाचं पीठ खायचं? त्यावर त्याच्या बाजूनं काय बोलावं, हे शोधत ती ओल्या हातानं उभी राहिली. दोन-तीन वाक्यं सुचली, पण ती तिचीच होती. तो असता तर भलतंच काहीतरी म्हणाला असता, तिला कधीही सुचलं नसतं असं.